सीगलचा त्रास, कावळ्याचा की घारीचा? मोरजीहून आलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात मोरजीला किनाऱ्यालगत घर, हंगामात चालणारा छोटा शॅक आणि एक फायबरची होडी. नोव्हेंबर लागला की ‘सीगल’ येतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत पाठ सोडत नाहीत. गिऱ्हाइकाच्या ताटातला तळलेला मासा पळवतात, वाळत घातलेले बांगडे नेतात, होडी आणि घराचा पत्रा घाण करतात. एकदा पाण्याच्या टाकीतही पिसं सापडली. कुणी प्लास्टिकचे काटे लावा म्हणतं, कुणी खोटं घुबड, कुणी छऱ्याची बंदूक. एकाने तर माशात विष घालून ठेवायला सुचवलं. यातलं नक्की काय करावं?

बंदूक आणि विष हे दोन विषय आधी संपवू. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ प्रमाणे हे पक्षी मारणं, पकडणं, त्यांची घरटी-अंडी हलवणं हा गुन्हा आहे. पूर्वी कावळा ‘उपद्रवी’ प्राण्यांच्या वेगळ्या अनुसूचीत होता. ती अनुसूचीच २०२२ च्या दुरुस्तीत गेली आणि दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यामुळे ‘कावळाच तर आहे’ ही पळवाट आता नाही. सर्वसाधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत; अनुसूची १ मधल्या प्राण्यांसाठी शिक्षा त्याहून कडक. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी विषाचं गणित वाईटच आहे. विष घातलेला मासा उचलणारा कावळा जागच्या जागी मरत नाही. तो कुणाच्या विहिरीच्या काठावर, कुणाच्या माडाखाली जाऊन पडतो आणि तिथे मांजर, कुत्रा नाहीतर घार त्याला खाते. शिवाय तुम्ही स्वतः त्याच अंगणात खायची मासळी वाळवता.

आता मूळ मुद्दा. तुमच्या प्रश्नात एकच पक्षी आहे असं तुम्ही धरलंय, पण वर्णनावरून ते किमान तीन आहेत आणि तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. पक्षी ओळखल्याशिवाय जाळी किंवा काटे विकत घेऊ नका.

सीगलला मराठीत कुरव म्हणतात. गोव्यात तो हिवाळी पाहुणा आहे. मोरजीला, चापोरा नदीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर जे थवे बसतात, त्यांत तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव मुख्य, सोबत काही मोठे कुरव आणि सुरय (टर्न). नावावर जाऊ नका: हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोक्यावर तपकिरी टोपी चढू लागते, म्हणजे पक्षी परतीच्या तयारीला लागला असं समजा. जवळून पाहिलं तर चोच लाल, टोकाला काळी. डोळ्याचं बुबुळ फिकट. उडताना पंखाच्या काळ्या टोकात पांढरा डाग. हा पक्षी तिबेटच्या पठारावर आणि आपल्याकडे लडाखच्या सरोवरांकाठी वीण करतो. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतो, मार्च-एप्रिलमध्ये जातो. गोव्यात तो घरटं करत नाही.

या एका वाक्यामुळे इंटरनेटवर मिळणारे निम्मे उपाय तुमच्यासाठी बाद होतात. ब्रिटनच्या किनारी गावांतले हेरिंग कुरव घरांच्या छपरांवर घरटी करतात, पिल्लं असताना माणसांच्या डोक्यावर झेपावतात. तिथले छपरावरचे काटे, धुराड्यावरच्या जाळ्या, घरटी रोखायची कंत्राटं हे सगळं त्या सवयीवरचे उपाय आहेत. आपल्याकडचा कुरव छपरावर आलाच तर टेकायला येतो.

आणि तुमचे बांगडे? घरोघरी पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवायची) मासळी वाळते ती मार्च ते मे. तोवर कुरव निघालेले किंवा निघायच्या बेतात असतात. एप्रिल-मे महिन्यात अंगणातून मासा गेला तर तो कावळ्याने किंवा घारीने नेला.

चोर ओळखायची सोपी खूण म्हणजे तो मासा कसा उचलतो ते पाहणं. घार थांबत नाही; वरून येते, पायाच्या नख्यांनी मासा उचलते आणि त्याच झेपेत निघून जाते. कुरव चोचीने उचलतो, बहुतेक वेळा पाण्यावरून, होडीच्या कडेवरून किंवा उघड्या वाळूवरून, आणि माडांच्या गर्दीत, छपराखाली शिरायचं टाळतो. कावळा आधी जवळ कुठेतरी बसतो, मान तिरकी करून पाहतो, बाजूबाजूने उड्या मारत येतो, एक तुकडा ओढून पाहतो आणि मग नेतो. वाळवणीवर मासे जागेवरच आहेत पण डोळे आणि पोटाकडचा भाग टोचलेला आहे, तर तो कावळा. अख्खा मासा नाहीसा आणि शेजारचे जसेच्या तसे, तर घार. खाली काटे-शेपट्या विखुरलेल्या, तर पक्षी नव्हेच, रात्रीचं मांजर. वाळूवरचे ठसेही बोलतात: कुरवाच्या बोटांमध्ये पडदा असतो, कावळ्याची तीन बोटं पुढे आणि एक मागे स्वच्छ उमटतं.

दोन दिवस, सकाळी ६.३० ते ८.३० आणि दुपारी जेवणाच्या वेळी, कोण कुठून येतो एवढंच टिपून ठेवा. पुढचा खर्च त्याने निम्म्यावर येतो.

वाळवणीचं सविस्तर सांगतो, कारण नुकसान तिथे सर्वांत जास्त आहे आणि पक्का उपायही तिथेच आहे.

जमिनीवर चटई किंवा जुनं जाळं टाकून मासे पसरणं बंद करा. बांबूचा मांडव करा: २ मीटर लांब, १ मीटर रुंद, जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटर उंच. याहून रुंद केला तर मधल्या माशापर्यंत हात पोचत नाही आणि उलटायचे राहून जातात. वर नायलॉनचं साधारण १२ मिलिमीटर आसाचं (भोकाचं) जाळं ताणून बांधा, म्हणजे खालूनही वारा लागतो. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत.

त्यावर झाकण. विजेच्या वायरिंगची २० मिलिमीटरची पीव्हीसी नळी किंवा बांबूच्या कांब्या कमानीसारख्या वाकवा, दर ५०-६० सेंटिमीटरला एक, मध्यभागी उंची ४० सेंटिमीटर. कमानींवर मच्छरदाणीचं पांढरं कापड, चारी बाजूंनी मांडवाच्या कडेखाली २० सेंटिमीटर उतरेल एवढं. कडा कपड्यांच्या चिमट्यांनी पकडा. एक लांब बाजू मात्र उघडता येईल अशी ठेवा. झाकण काढायला दोन माणसं लागत असतील तर चौथ्या दिवशी ते कुणी लावत नाही.

यात तीन चुका नेहमी होतात. पहिली: हिरवं शेडनेट वापरणं. ते ऊन अडवतं, मासा हळू वाळतो, आतून ओला राहतो आणि बुरशी धरतो. पांढरी मच्छरदाणीच हवी. तिने माश्याही थांबतात, म्हणजे अळ्या पडत नाहीत. दुसरी: कापड माशांवर टेकणं. कावळा कापडावर बसतो, त्याच्या वजनाने ते खाली दबतं आणि तो कापडातून टोचतो. मासा आणि कापड यांत कुठेही, बाजूलाही, १५ सेंटिमीटरहून कमी अंतर नको. कापड दबतच असेल तर कमानींवरून आधी २५ मिलिमीटर आसाचं जाड सुताचं जाळं ताणून घ्या. तिसरी चूक सर्वांत वाईट: टाकाऊ गळजाळं वरून सैल पसरणं. तंगुसाचा बारीक धागा पक्ष्याला दिसत नाही. घारीची नखं त्यात अडकतात, ती फडफडते, धागा मांसात रुततो. असं जाळं वापरूच नका. कुठलंही जाळं ढोलासारखं ताठ हवं, आणि दिवसातून दोनदा त्यावरून नजर फिरवायला हवी.

बांगडा पोट फाडून, आतडी काढून, ३ ते ४ भाग मासळीला १ भाग मीठ या मापाने रात्रभर खारवा आणि मगच उन्हात घाला. कमी मिठाचा मासा जास्त दिवस वाळत राहतो आणि तेवढे दिवस तो पक्ष्यांच्या नजरेसमोर राहतो. संध्याकाळी दव पडायच्या आत मासळी घरात. गालमो (बारीक कोळंबी) आणि सुकट बारीक असल्यामुळे वरच्या जाळ्यातून गळतात. त्यांना मांडवावर मच्छरदाणीचंच कापड अंथरा. दरवर्षी मोठ्या प्रमाणात वाळवत असाल तर सौर वाळवणी यंत्राचा विचार करा. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अशी यंत्रं विकसित केली आहेत आणि त्यांत पक्षी, माशी, धूळ तिन्ही प्रश्न एकदम मिटतात.

मासे साफ करायची जागा वाळवणीपासून आणि शॅकपासून दूर, आणि छपराखाली ठेवा. कुरव, कावळा आणि घार मुख्यतः नजरेने खाणं शोधतात. उघड्यावर लाल आतडी दिसली की एक कावळा उतरतो, त्याला पाहून दुसरा, त्या गडबडीवर घारी फिरू लागतात. म्हणूनच साधं झाकणाचं बादलीपिंप एवढं काम करतं, आणि ‘पक्षी पळवणारी’ वासाची औषधं पैसे घालवतात.

आतडी-डोक्यांचं काय करायचं, यावर सगळ्या त्रासाची किल्ली आहे. किनाऱ्यावर, ओहोळात किंवा होडीतून उथळ पाण्यात फेकू नका. घरच्या घरी दोन मार्ग आहेत. माडाच्या आळ्यात, बुंध्यापासून दीड मीटरवर, ६० सेंटिमीटर खोल चर काढा; माशाचा कचरा, वर सुका पाला, वर माती दाबून, आणि त्यावर चुडतं (माडाच्या झावळ्या) व दगड. दगड नसेल तर कुत्री रात्रीत उकरतात आणि सकाळी कावळ्यांची सभा भरते. दुसरा मार्ग द्रवखताचा: माशाचा कचरा आणि गूळ वजनाने समसमान, प्लास्टिकच्या पिंपात, एक तृतीयांश जागा मोकळी ठेवून. झाकण हवा निघेल एवढंच सैल आणि वर कापड बांधलेलं. सावलीत ३ ते ४ आठवडे. गूळ कमी पडला तर कुजका वास येतो, तेवढा गूळ आणखी घाला. गाळून १ लिटर पाण्याला १ ते २ मिलिलिटर, भाजी आणि माडांना. जास्त कडक दिलं तर रोपं करपतात.

शॅकच्या कचऱ्याचंही तेच. काळी पिशवी म्हणजे कावळ्यासाठी कुलूप नव्हे. पहाटे एका टोचणीत फाटते. पिशव्या रात्री बाहेर ठेवू नका, गाडी यायच्या वेळेला काढा. बाहेर ठेवायच्याच असतील तर घट्ट बसणाऱ्या झाकणाच्या पिंपात, झाकणावर रबरी पट्टा.

मोरजीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. तेंबवाड्याच्या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि वन खातं ती घरटी राखतं. किनाऱ्यावर टाकलेल्या उष्ट्यावर जे कावळे आणि कुत्री पोसली जातात, तीच पहाटे वाळूतून बाहेर पडणारी पिल्लं उचलतात. अंड्यातून पिल्लू यायला सुमारे ४५ ते ६० दिवस लागतात, आणि समुद्रापर्यंतच्या काही मीटरांत ते कावळ्याच्या चोचीत जातं. तुमच्या शॅकमागचा उघडा कचरा हा त्या पिल्लांचाही प्रश्न आहे.

आता ताटातला मासा. शॅकच्या छपराखाली, आतल्या रांगेत बसलेल्या गिऱ्हाइकाला सहसा त्रास होत नाही. त्रास होतो तो वाळूवर मांडलेल्या टेबलांना आणि छपराच्या कडेच्या पहिल्या रांगेला. पक्ष्याला हवी असते मोकळी झेप आणि पाठमोरा माणूस. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या हेरिंग कुरवांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की माणूस टक लावून पाहत असेल तर कुरवाला खाण्याजवळ यायला सरासरी २१ सेकंद जास्त लागतात. आपले पक्षी वेगळ्या जातीचे, तरी कावळा माणसाची नजर किती ओळखतो हे कोकणपट्टीत कुणाला सांगायला नको. म्हणून वाळूवरच्या खुर्च्या अशा फिरवा, की गिऱ्हाइकाच्या पाठीशी छत्रीचा किंवा शॅकचा आडोसा असेल आणि तोंड मोकळ्या बाजूला. छत्री डोक्यावर हवीच, दुपारी ऊन नसलं तरी.

ताटं उचलायचा वेग हा खरा उपाय आहे. बहुतेक चोऱ्या जेवण चालू असताना होत नाहीत. गिऱ्हाईक उठतं आणि ताट पाच-दहा मिनिटं तसंच पडतं तेव्हा होतात. एकदा कावळ्याला त्या टेबलावर बांगड्याचं डोकं मिळालं की तो रोज त्याच वेळेला येतो, आणि मग जेवणाऱ्याच्या समोरूनही उचलायचं धाडस करतो. दुपारी १ ते ३ या वेळेत एक माणूस फक्त ताटं उचलायला ठेवा. तळलेली मासळी बाहेरच्या टेबलावर नेताना वर जाळीचं झाकण. आणि पोरांना सांगून ठेवा: कावळ्याला पावाचा तुकडाही घालायचा नाही, अगदी गंमत म्हणूनही नाही.

छपराच्या कडेपासून वाळूकडे दोऱ्या ताणायच्या असतील तर २ ते ३ मिलिमीटर जाडीची पांढरी दोरी, १-१ मीटर अंतराने, समांतर आणि ताठ. मोठ्या पंखांच्या पक्ष्याला झेपेची वाट अडते, म्हणून कुरव आणि घारीवर ती चालते. कावळा मात्र दोन दिवस बिचकतो आणि मग खालून चालत येतो. तंगूस इथेही नको. उन्हाने दोरी सैल पडते, आठवड्यातून एकदा ताण पाहा. कासवांच्या राखीव पट्ट्यात खांब किंवा दोऱ्या काहीही लावू नका.

होडीवर मात्र खरे कुरव असतात. नांगरलेली होडी म्हणजे पाण्याने वेढलेला, कुत्र्या-माणसांपासून सुरक्षित दगड. दोन गोष्टी करायच्या: खाणं काढणं आणि बैठक काढणं. जाळ्यात अडकलेली बारीक मासळी झटकून, जाळी धुऊन, होडीचा तळ पाण्याने साफ करूनच नांगरा. मग पक्षी कुठे बसतो ते विष्ठेच्या पट्ट्यावरून कळतं: सगळ्यात उंच आणि वाऱ्याकडे तोंड करता येईल अशी कड, म्हणजे बहुधा ताडपत्रीची वरची धार, इंजिनाचं झाकण आणि नाळेचं (होडीच्या पुढच्या बाजूचं) टोक. त्या धारेवरून ४० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातून दोरी ओवून बांधा. पाइप दोरीभोवती सहज फिरला पाहिजे. पक्षी टेकला की पाइप गोल फिरतो आणि त्याचा पाय घसरतो. पाइप फार घट्ट बसला किंवा दोरी कमानीसारखी खाली लोंबली तर तो फिरत नाही आणि तुम्ही पक्ष्याला नवी काठीच दिलेली असते. कडेच्या पट्ट्यांवर १० ते १२ सेंटिमीटर उंचीवर एक दोरी, थोडी डुलेल अशी, पुरे. प्लास्टिकचे काटे होडीवर लावू नका: जाळी ओढताना त्यात अडकतात, उन्हाने ठिसूळ होऊन मोडतात आणि तुकडे समुद्रात जातात.

विष्ठा काढताना फायबरवर खरवडू नका. तिच्यात वाळूचे आणि काट्यांचे कण असतात, चकाकी जाते. ओलं गोणपाट १०-१५ मिनिटं टाकून ठेवा, मग मऊ फडक्याने पुसा.

घराच्या पत्र्यावरचं पांढरं म्हणजे युरिक आम्ल. जस्ताच्या पत्र्यावर ते साचून राहिलं तर लेप खातं आणि तिथूनच गंज धरतो. हंगामात आठवड्यातून एकदा पाण्याचा फवारा पुरे. कोरडं कधी झाडू नका. त्या धुळीत साल्मोनेलासारखे जंतू असतात आणि ती श्वासातून जाते. आधी भिजवा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, मगच ब्रश. सौर पॅनेल असतील तर पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. वळचणीला आणि वातानुकूलन यंत्रामागे बसणारी पारवी हा वेगळा प्रश्न आहे. तिथे ५० मिलिमीटर आसाची जाळी चारी बाजूंनी फटी न ठेवता बसवा. कुरवासाठी ७५ मिलिमीटरची पुरते, पण मोठ्या आसातून पारवा आत शिरतो.

टाकीत पिसं सापडली म्हणजे झाकण उघडं होतं किंवा तुटलेलं होतं. ते पाणी पिऊ नका, भांड्यांनाही वापरू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, आतून घासा, गाळ काढा. मग पुन्हा भरून १००० लिटरला ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर १५० ग्रॅम या मापाने घाला. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवून चुन्याचा साका खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच टाकीत ओता. नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत ते पाणी नळ्यांतही खेळवा. किमान ४ तास, जमलं तर रात्रभर ठेवा, आणि मग सगळं पाणी सोडून द्या, स्वच्छ पाण्याने धुवा. हे पाणी विहिरीत किंवा ओहोळात सोडू नका. ब्लीचिंग पावडरीबरोबर संडास साफ करायचं आम्ल किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका. विषारी वायू होतो. झाकण दगडाने दाबून ठेवण्यापेक्षा बिजागरी आणि कडी बसवा, आणि ओसंडून वाहणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी.

भीती घालायच्या उपकरणांबद्दल थोडक्यात. खोटं घुबड, चमकती पट्टी, जुन्या सीडी यांचा असर काही दिवसांचा असतो. पक्षी पाहतो की हे हलत नाही, चावत नाही, आणि मग घुबडाच्याच डोक्यावर बसतो. वापरायचंच असेल तर फक्त गरजेच्या ४-५ दिवसांत, वाळवण चालू असताना, रोज जागा बदलून, आणि एरवी कपाटात बंद. अल्ट्रासाऊंडची यंत्रं घेऊ नका: त्या पट्टीतले आवाज पक्ष्यांना ऐकूच येत नाहीत. फटाके तर नकोतच. पक्षी दहा मिनिटांत परततो, गिऱ्हाईक परतत नाही.

कुरवांना खाऊ घालण्याची सवय अलीकडे वाढली आहे. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्यांतून पर्यटक वेफर्स आणि फरसाण उधळतात, फोटोसाठी थवा मागे लावून घेतात. पक्षी त्यातून शिकतो की माणसाच्या हातात खाणं असतं, आणि हातावर झेपावू लागतो. तळलेलं, खारट पीठ त्याच्या उपयोगाचंही नाही. त्याला मार्चअखेर हिमालय ओलांडायची ताकद साठवायची असते. तुमची होडी पर्यटकांना नेत असेल तर चढतानाच सांगा. दाबोळी विमानतळाजवळ राहणाऱ्यांसाठी तर हा सुरक्षेचा प्रश्न आहे: १९३७ च्या विमान नियमांतला नियम ९१ विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्षी आकर्षित होतील असा कचरा उघड्यावर टाकायला आणि जनावरं कापायला मनाई करतो. वास्को, चिखली, बोगमाळो हे सगळं त्या वर्तुळात येतं.

मे-जूनमध्ये कुणाच्या डोक्यावर पक्षी झेपावला तर तो कुरव नाही, पिल्लं असलेला कावळा आहे. पिल्लू उडायला शिकताना जमिनीवर उतरतं तेव्हाचे दोन-तीन आठवडे हे चालतं. छत्री उघडून जा किंवा वाट बदला. पिल्लू उचलून ‘वाचवायला’ जाऊ नका. आईबाप वरच असतात.

एक शेवटचा पक्षी राहिला. जून ते ऑगस्टमध्ये वादळी वाऱ्यानंतर किनाऱ्यावर एखादा मोठा, पांढराशुभ्र, काळ्या पंखकडांचा पक्षी थकून बसलेला सापडतो आणि लोक त्याला सीगल म्हणून पुन्हा समुद्रात ढकलतात. तो बहुधा मुखवट्याचा बूबी असतो, खोल समुद्रातला, आणि पाण्यात ढकलल्यावर बुडून मरतो. त्याला उचलताना डोळ्यांना चष्मा लावा. त्याची चोच भाल्यासारखी असते आणि ती तो नेमकी तोंडाकडे मारतो. मागून टॉवेल टाकून पंख अंगाशी धरा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली जुना कपडा घालून, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. चोच बांधू नका, तोंडात पाणी ओतू नका, मासा कोंबू नका. वन खात्याला कळवा आणि त्यांची गाडी येईपर्यंत खोकं उघडून पाहू नका. एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर मात्र हात लावायचा नाही. मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा आणि पशुसंवर्धन खात्याला त्याच दिवशी फोन करा.